नासधूस कोणाची?

घरात ससा पाळणाऱ्या माणसांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या सगळीकडे जवळपास सारख्याच असतात. त्याने चार्जरची वायर तोडली. दिवाणाचा पाया कुरतडला. कुंडीतली माती उकरून घरभर केली. चादरीवर मुतला. लेंड्यांची तर गोष्टच सोडा. पहिले आठ-पंधरा दिवस कौतुकाचे जातात, मुले त्याला उराशी धरून फोटो काढून घेतात आणि मग हळूहळू घरातल्या बोलण्याचा सूर बदलतो. ससा ‘शैतान’ होतो, ‘बदमाश’ होतो, ‘घाणेरडा’ होतो. शेवटी कोणीतरी म्हणते, एवढे लाड केले तरी हा काही सुधारत नाही, द्या सोडून जंगलात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगल फार दूर नाही. शहराची शेवटची घरे संपली की सागाची झाडे सुरू होतात. त्यामुळे हा सल्ला अमलात आणणे सोपे जाते आणि सोडून देणाऱ्याला आपण त्या जिवाला आझाद केले असे समाधानही मिळते.

विषय क्षुल्लक वाटेल. ज्या जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसे मरतात, मोहफुले वेचायला गेलेली बाई संध्याकाळी घरी परत येईलच याची खात्री नसते, तिथे कुरतडलेल्या वायरीवर आणि ओल्या चादरीवर लिहायचे म्हणजे रिकामटेकडेपणा असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण न्याय-अन्यायाचे मोठे प्रश्न आपल्या घरात लहान होऊनच येतात. बोलू न शकणाऱ्या, उलटून वार करू न शकणाऱ्या जिवावर आपण दोष कसा ठेवतो, त्याला शिक्षा कशी देतो आणि आपली जबाबदारी त्याच्या अंगावर कशी ढकलतो, हे पाहायचे असेल तर सशाचा पिंजरा पुरेसा आहे.

आधी आरोपीची बाजू समजून घेऊ. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर वर्षाला दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. ते झिजले नाहीत तर वाकडे होतात, खाणे बंद पडते आणि ससा उपाशी मरतो. तेव्हा कुरतडणे ही त्याची खोड नाही, ती त्याच्या जगण्याची अट आहे. गवत चघळणे, काडी चावणे, मुळी तोडणे यासाठीच ते दात आहेत. मोकळ्या जमिनीवर बीळ करून राहणाऱ्या प्राण्याला बिळाच्या तोंडाशी आलेली मुळी तोडावी लागते. आपल्या घरातली वायर त्याला नेमकी तशीच दिसते. भिंतीच्या कडेने गेलेली, वाटेत आडवी आलेली, दाताखाली मऊ लागणारी. तिच्यातून ऊर्जानगरच्या वीज केंद्रातला प्रवाह वाहतो आहे हे त्याला कोण सांगणार? त्या प्रवाहाचा धक्का बसून मरण्याची वेळ आली तर मरणारही तोच आहे.

उकरण्याचे तसेच. आपण पाळतो तो ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. तिकडे हे ससे जमिनीखाली बिळांची मोठी वसाहत करून कळपाने राहतात. पिल्ले बिळात जन्मतात, तीही उघडी आणि डोळे मिटलेली. मादीला पिल्ले होणार असली, किंवा होणार असे नुसते वाटले, तरी ती कोपरा शोधते, जमीन उकरते, आपल्याच छातीचे केस उपटून घरटे करते. आपण म्हणतो, बघा, पिंजऱ्यात सगळीकडे केस करून ठेवले. लघवीचे म्हणाल तर वयात आलेला नर आपली हद्द राखण्यासाठी तिचे फवारे मारतो. लेंड्याही तो काही ठिकाणी त्याच हेतूने टाकतो. त्यातल्या काही मऊ, ओल्या लेंड्या तो स्वतःच खातो. बघणाऱ्याला किळस येते, पण गवतातले सत्त्व पुरते मिळवण्याची ती निसर्गाने दिलेली पद्धत आहे. गाय रवंथ करते तेव्हा आपल्याला किळस येत नाही, कारण ते आपण लहानपणापासून पाहिलेले असते.

म्हणजे ज्याला आपण नासधूस म्हणतो ते सशाच्या बाजूने पाहिले तर काम आहे. तो दात राखतो, बीळ करतो, हद्द आखतो, पिल्लांची सोय करतो. दिवसभर पिंजऱ्यात बसून संध्याकाळी मोकळा सुटला की राहिलेली कामे उरकायला लागतो. आपल्या आणि त्याच्या भांडणात वाईट असे कोणीच नाही, घर तेवढे एकाच्या सोयीने बांधलेले आहे.

इथे शब्दांचाही विचार केला पाहिजे. ‘नासधूस’ हा शब्द कोण कोणासाठी वापरतो? आमच्याकडच्या घरांतला दिवाण सागवानाचा असतो. आलापल्लीचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराला आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनाला लागलेले सागवान याच भागातून गेले. पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले झाड माणसाने करवतीने आडवे केले तर त्याला आपण फर्निचर म्हणतो. त्या फर्निचरच्या पायावर सशाने बोटभर खाच पाडली तर ती नासधूस होते. सशाने कुंडीतली ओंजळभर माती उपसली तर घर डोक्यावर घेतले जाते. दुर्गापूर-पद्मापूरच्या उघड्या कोळसा खाणींतून माती उपसून तिचे डोंगर उभे केले जातात. त्याला उत्पादन म्हणतात. खाणी नकोत किंवा दिवाण नकोत असे मला म्हणायचे नाही. माझ्याही घरात वीज लागते आणि मीही लाकडी खुर्चीवर बसूनच हे लिहितो आहे. म्हणायचे एवढेच की ‘विध्वंस’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो तो स्वतःच्या कामाला सहसा ते नाव देत नाही.

प्राण्यावर दोष ठेवण्याची ही सवय जुनी आहे. मध्ययुगीन युरोपात जनावरांवर रीतसर खटले चालत. 1457 साली फ्रान्समधल्या साविन्यी या गावी एका डुकरिणीवर पाच वर्षांच्या मुलाला मारल्याचा खटला चालला. न्यायाधीश बसले, साक्षी झाल्या आणि डुकरिणीला फाशी दिली गेली. तिच्याबरोबर तिची सहा पिल्ले होती. त्यांच्याविरुद्ध पुरावा पुरेसा नाही म्हणून ती सुटली. आज आपल्याला याचे हसू येते. पण ‘एवढे लाड केले तरी सुधारत नाही’ असे म्हणत सशाला अंधाऱ्या मोरीत कोंडणारा माणूस त्या न्यायाधीशांहून निराळे काय करतो? साविन्यीत निदान पिल्लांना संशयाचा फायदा तरी मिळाला होता.

याच्या उलट एक खटला दहाव्या शतकात बसऱ्यात लिहिला गेला. ‘इख्वान अस-सफा’ म्हणजे पवित्र बंधू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्वानांच्या मंडळाने अरबीत जे ग्रंथ रचले, त्यांत एक मोठी बोधकथा आहे. तिच्यात प्राणी फिर्यादी आहेत आणि माणूस आरोपी. जिन्नांच्या राजापुढे प्राणी एकेक करून उभे राहतात आणि विचारतात की माणूस आमचा मालक कोणत्या आधारावर झाला? माणसे आपल्या बाजूने पुष्कळ मुद्दे मांडतात. आमचे रूप सुंदर आहे, आमच्याकडे कला आहेत, राज्ये आहेत, अक्कल आहे. प्राणी प्रत्येक मुद्दा खोडून काढतात. अखेर माणूस आखिरतची, मरणोत्तर जीवनाची गोष्ट काढतो तेव्हा प्राणी उत्तर देतात की तुम्हाला जन्नतचे वचन असेल तर जहन्नमची ताकीदही आहेच. कथेचा निकाल शेवटी माणसाच्या बाजूने लागतो. पण तो ज्या वाटेने लागतो ती वाट महत्त्वाची आहे. रूप, अक्कल, बळ यांपैकी एकही दावा टिकत नाही. माझ्या वाचण्यात त्यातून उरते ते असे की माणूस वेगळा आहे, कारण त्याला जाब द्यावा लागणार आहे.

हा मुद्दा धर्म मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्यालाही पटण्यासारखा आहे. दोष लागायचा तर आधी नीयत हवी. बरे-वाईट कळले पाहिजे, दुसरे काही करण्याची मोकळीक हवी आणि तरीही वाईट निवडलेले असले पाहिजे. सशाकडे यांतले काहीच नाही. सोफ्याची किंमत त्याला माहीत नाही. चिडून त्याने सूड म्हणून गादीवर मुतावे असा हिशेबही त्याच्या डोक्यात नाही. म्हणून त्याला दिलेली शिक्षा ही शिक्षा होतच नाही. तो मुळात इतरांची शिकार होणारा प्राणी आहे. त्याच्यावर ओरडले, टाळी वाजवून घाबरवले, कान धरून उचलले, तर ‘वायर तोडायची नाही’ असा धडा तो शिकत नाही. ‘हा मोठा प्राणी धोकादायक आहे’ एवढेच शिकतो. मग तो कोपऱ्यात दडतो, मागचे पाय आपटतो, जवळ गेले की चावतो. आपण पुन्हा म्हणतो, बघा, किती बिघडला.

तर मग काय सगळे मुकाट्याने सोसायचे? लेंड्यांच्या राशीत बसून दया दया करायची? नाही. दोष नाही याचा अर्थ बंदोबस्त नको असा होत नाही. नदीला पूर येतो त्यात नदीचा दोष नसतो, म्हणून आपण बांध घालत नाही असे थोडेच आहे? फरक हा की बांध घालणारा नदीवर रागावत नाही. आपला बंदोबस्त सशाच्या स्वभावाला ओळखून व्हायला हवा. वायरी वर उचलाव्यात किंवा जाड नळीत घालाव्यात. कुरतडायला त्याचे असे काही द्यावे. आमच्याकडे यासाठी बाजारातली खेळणी लागत नाहीत. बुरडाकडची, रंग न लावलेली बांबूची टोपली दिली की तो तिच्यावर दिवस काढतो. उकरायला मातीचे नाही तर फाटक्या कापडाच्या चिंध्यांचे खोके द्यावे. ससा खाता खाता विष्ठा टाकतो, म्हणून एका पसरट ट्रेमध्ये खाली कागद किंवा तणस आणि एका बाजूला वाळलेले गवत ठेवले, तो ट्रे त्याने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यातच ठेवला, तर बहुतेक ससे तिथेच जाऊ लागतात. नराची नसबंदी केली की फवारे पुष्कळ कमी होतात, पण ते काम सशांची माहिती असलेल्या जनावरांच्या डॉक्टरकडूनच करून घ्यावे. आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा विचार तर सर्वांत आधी हवा. मे महिन्यात पारा 45-46 अंशांवर जातो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि तिशीच्या पुढचे तापमानच त्याला जड जाऊ लागते. टिनाच्या छपराखाली पिंजरा ठेवायचा, तहानेने आणि उकाड्याने तो जाळी कुरतडू लागला की त्याला उपद्रवी म्हणायचे, हे कोणत्या न्यायात बसते? गार फरशी, ओले पोते, भरपूर पाणी, कूलरची हवा येईल अशी जागा, एवढे तरी त्याला मिळालेच पाहिजे.

यात एक अवघड गोष्ट आहे आणि ती बहुतेक वेळा बोलली जात नाही. दोन खोल्यांचे घर घ्या. मुलाने हट्ट केला, वडिलांनी बाजारातून सशाची जोडी आणली. मुलगा शाळेत जातो, वडील कामावर. लेंड्या झाडते कोण? चादर दिवसातून दोनदा कोण धुते? नळाला पाणी एक दिवसाआड येत असेल तर ते पाणी कोणाच्या खांद्यावरून येते? नमाजाची जागा पाक राहावी म्हणून जानमाज उचलून ठेवायची, फरशी पुसायची, पुन्हा अंथरायची, हे कोण करते? घरातली बाई. आणि एखाद्या दिवशी तीच म्हणाली की हे जनावर मला घरात नको, तर सगळे तिलाच निर्दय ठरवतात. दया एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, अशी वाटणी आपल्या समाजात फक्त सशापुरती नाही. पण जी दया दुसऱ्याच्या मेहनतीवर चालते तिला दया म्हणायचे की हौस, हे ठरवायला हवे. माझ्या मते ज्याने आणले त्याने झाडावे. मुलगा दहा वर्षांचा असेल तर तो ट्रे साफ करू शकतो, वडिलांनाही खराटा धरता येतो. सशाच्या पिंजऱ्यापाशी खरा प्रश्न कित्येकदा ससा आणि माणूस यांच्यातला नसतोच. तो घरातल्या माणसा-माणसांतला असतो.

दयेची किंमत कोणी द्यायची, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आमच्याच भागात आहे. भामरागड तालुक्यात, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या जिथे भेटतात त्याच परिसरात, हेमलकसा येथे 1973च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना चालवला, पुढे शाळा सुरू झाली. तिथले वन्यप्राण्यांचे अनाथालय कसे सुरू झाले ते प्रकाश आमट्यांनी अनेकदा सांगितले आहे. शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे त्यांना मेलेली माकडीण दिसली. तिच्या छातीला तिचे जिवंत पिल्लू चिकटलेले होते. पिल्लूही खाल्ले जाणार होते. आमट्यांनी ते मागून घेतले आणि बदल्यात धान्य-कपडे दिले. पुढे सांगून ठेवले की असे पोरके पिल्लू मिळाले तर इकडे आणा. मग बिबटे आले, अस्वले आली. ‘राणी’ नावाचे अस्वल आमट्यांबरोबर फिरायला जाई. ‘नेगल’ नावाच्या बिबट्यावरून विलास मनोहरांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले.

मला या हकिकतीत माया जितकी दिसते त्याहून हिशेब अधिक चोख दिसतो. भुकेल्या माणसाला आमट्यांनी अहिंसेचे व्याख्यान दिले नाही. तुझ्या ताटातला घास मला हवा आहे तर त्याच्या जागी दुसरा घास मी देतो, असा तो व्यवहार होता. पिल्लू वाचवण्याची इच्छा त्यांची होती, म्हणून त्याची किंमतही त्यांनी दिली. तांदूळ दिला, जागा दिली आणि पुढची कित्येक वर्षे रोजची मेहनत दिली. बिबट्याने बिबट्या राहू नये अशी अटही तिथे कोणी घातली नाही. ओरखडे निघाले, चावेही झाले, त्याबद्दल कुठल्या जनावराला ‘बदमाश’ ठरवून हाकलले गेले नाही. माणसाच्या हातून वाढलेल्या पिल्लाला जंगलात जगणे अवघड असते. शिकार शिकवणारी आई नसते आणि माणसाची भीती गेलेली असते. म्हणून एकदा आत घेतले की शेवटपर्यंत सांभाळायचे, हे ओघानेच आले.

इथे कोणी विचारील की मग हत्तीचे काय? 2021च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. धानाची शेते तुडवली गेली, घरे पडली, माणसेही दगावली. रानडुकरे आणि रोही यांनी पीक फस्त केल्याच्या तक्रारी तर दर हंगामाच्या. त्या शेतकऱ्यालाही ‘जनावराची नीयत नसते, सोसा’ असेच सांगायचे का? मुळीच नाही. हत्ती निर्दोष आहे हे खरे, पण शेतकरीही निर्दोष आहे. त्याने हत्तीला बोलावलेले नव्हते. उभे पीक गेलेला माणूस आणि सोफ्याचे कापड फाटलेला माणूस यांना एका तागडीत घालणे हा त्या शेतकऱ्याचा अपमान होईल. जंगल राखणे ही साऱ्या देशाची इच्छा असेल तर त्याची किंमत एकट्या गावाने का भरावी? नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणे ही त्या शेतकऱ्यावरची मेहरबानी नाही, ती देशाने द्यायची दयेची किंमत आहे. हेमलकशाच्या तांदळाचा न्याय इथेही तोच आहे.

या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की नासधुशीचा हिशेब थोडा स्पष्ट होतो. हत्ती आपणहून आला. बिबट्याचे पिल्लू संकटात होते म्हणून आत घेतले गेले. ससा मात्र आपण पैसे मोजून, आपल्या आनंदासाठी आणला. त्याच्यावर कोणते संकट नव्हते. निवड सर्वस्वी आपली होती. जिथे निवड जास्त तिथे जबाबदारी जास्त, हे मान्य केले तर सर्वांत भारी जबाबदारी सशाच्या मालकावर येते. आणि व्यवहारात नेमके उलटे दिसते. सर्वांत लवकर हात झटकतो तोच.

हात झटकण्याचा आपल्याकडचा मार्ग म्हणजे जंगल. मराठीत आपण दोन निराळ्या प्राण्यांना ‘ससा’ हा एकच शब्द वापरतो आणि त्यातून मोठा घोटाळा होतो. ताडोब्याच्या रस्त्यावर रात्री गाडीच्या उजेडात पळताना दिसतो तो रानससा. तो बीळ करत नाही, गवतातल्या खळग्यात बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. रंग वाळक्या गवताचा, पाय लांब, पळ वाऱ्यासारखा. तो वन्यप्राणी असून कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडून पाळता येत नाही. पिंजऱ्यातला पांढरा ससा हा दुसराच प्राणी. या देशातल्या कुठल्याही जंगलात त्याचे घर नाही. सागाच्या तपकिरी पाचोळ्यावर तो चुन्याच्या ठिपक्यासारखा लांबून दिसतो. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, गावातली कुत्री, यांपैकी कोणाच्या तरी तोंडी तो जातो, नाहीतर उन्हाने मरतो. त्याला ‘आझाद केले’ म्हणणे म्हणजे मासा झाडावर ठेवून त्याला उंची दाखवली म्हणण्यासारखे आहे.

मांजरीला बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिने मांजरीला खाऊही घातले नाही आणि तिचे तिला शोधून खाता यावे म्हणून मोकळेही सोडले नाही, म्हणून ती शिक्षेला पात्र ठरली. यात दोन वाटा सांगितल्या आहेत. एकतर सांभाळ, नाहीतर सोड. पण दुसरी वाट मांजरीसाठी वाट होती, कारण सुटलेली मांजर आपले अन्न शोधू शकते. पाळीव सशाला सोडणे म्हणजे त्याला बांधून ठेवण्याचाच लांबचा प्रकार आहे. त्याच्यासाठी दुसरी वाट उरलेलीच नाही, ती माणसाने शेकडो वर्षे त्याला पिंजऱ्यात वाढवून बंद केली. आपला देशाचा कायदाही याकडे पाहतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा असा आहे की उपासमारीचे किंवा तहानेचे हाल होतील अशा स्थितीत, योग्य कारणाशिवाय प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड भाजी येत नाही. तेव्हा कायद्याच्या भीतीने कोणी सुधारेल ही आशा नको. राज्यघटनेने मात्र 1976च्या दुरुस्तीपासून सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले आहे. तिथे दंड नाही, विश्वास आहे.

खरोखरच सांभाळणे जमत नसेल तर काय? घरातले कोणी आजारी पडते, बदली होते, दम्याच्या रुग्णाला केसांचा त्रास होतो. अशा वेळी सांभाळणारे दुसरे घर शोधून, त्याच्या सवयी सांगून, ट्रे आणि टोपलीसह तो जीव त्यांच्या हवाली करणे यात कमीपणा नाही. उलट ‘माझ्याने होत नाही’ असे स्पष्ट म्हणणारा माणूस ‘ससाच वाईट आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक. आणि सर्वांत प्रामाणिक तो, जो आणण्याआधी विचारतो. ससा आठ-दहा वर्षे जगतो. आज हट्ट धरणारी पाचवीतली मुलगी तोवर कॉलेजात जाईल. तेवढी वर्षे रोज कोण झाडणार, हे घरातल्या सर्वांनी, आणि विशेषतः जिच्या वाट्याला ते येणार तिने, मोकळेपणाने ठरवले पाहिजे. ती ‘नाही’ म्हणाली तर तो नकार ऐकला पाहिजे.

मुले आपल्याकडे पाहत असतात. प्रवचनातून आणि शाळेच्या पुस्तकातून त्यांना रहम, करुणा, इन्साफ हे शब्द मिळतात. त्या शब्दांचे अर्थ ती घरात शोधतात. वायर तुटल्यावर बाप सशाच्या पाठीत चप्पल घालतो की उठून वायर वर बांधतो, यावरून दुबळ्याच्या हातून आपले नुकसान झाले की काय करायचे असते ते मूल शिकते. पुढे कधीतरी त्याच्या हाताखाली माणसे येतील, त्याच्या दाराशी गरजू उभे राहतील, त्याला न आवडणाऱ्या पद्धतीने जगणारे शेजारी येतील. तेव्हा तो चटकन दोष ठेवतो की आधी समजून घेतो, हे बऱ्याच अंशी त्या जुन्या पिंजऱ्यापाशी ठरून गेलेले असेल.